गाडी लागते

आई ओम्नीच्या दारावर आडवा हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या गाडीतनं माझ्या जावयाला घाट उतरू देणार न्हाई मी."

माझे वडील, आबा, किल्ली हातात घेऊन जागच्या जागी थिजले. आईने त्यांना असं कधी अडवलेलं मी तरी जन्मात पाहिलं नव्हतं. रस्त्यापलीकडे दवाखान्याच्या पायरीवर माझा नवरा मकरंद दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून कसाबसा उभा होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ सुजून बाहेर आलेले, मानेवर टपोऱ्या गांधी. श्वास आत जाताना घशातून बारीक शिट्टी वाजत होती.

"अगं, बाजूला हो!" आबा ओरडले. "माणूस हातचा चाललाय आन् तुझं काय मधीच?"

"त्या गाडीतनं न्या." आईने आमच्या निळ्या गाडीकडे बोट दाखवलं. ती विजेवर चालणारी गाडी आबांच्या पेट्रोल पंपाच्या आवारात, आंब्याखाली उभी होती.

"तिच्यात कितीसा दम हाय? म्या सकाळीच चार्जिंगची पिन काढलीया तिची!"

"असंल तेवढ्यात न्या. ह्या गाडीतनं न्हाई."

डॉक्टर पायरीवरून हाका मारत होते. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, "इंजेक्शन दिलंय, पण त्याचा जोर ओसरला की घसा परत सुजायला लागेल. नळी घालायची सोय माझ्याकडे नाही. साताऱ्याला न्या. वाटेत कुठंही थांबू नका." त्यांच्याकडची एकुलती अँब्युलन्स दोन पर्यटकांना घेऊन नुकतीच गेली होती. रविवार होता, गावातल्या टॅक्स्या सगळ्या पॉइंटांवर. मला स्कूटरच्या पलीकडे काही चालवता येत नव्हतं. दोन गाड्या समोर, चालवणारा एकच माणूस, आणि आई हात काढायला तयार नाही.

निळ्या गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हट्टाला पेटलेली नव्हती, ती घाबरलेली होती. का घाबरलीय ते विचारायला वेळ नव्हता. मी किल्ली काढून आबांच्या हातात ठेवली.

हे सगळं आदल्या रात्रीच्या जेवणातच सुरू झालं होतं, असं आता वाटतं.

आबांचा पेट्रोल पंप पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर, आणि पंपामागेच आमचं घर. अशा घरात जावई विजेची गाडी घेऊन आला म्हणजे खाटकाच्या दारात माळकरी आल्यासारखंच. मकरंद कोल्हापूरहून ती गाडी मुद्दाम दाखवायला घेऊन आला होता. ताटावर बसल्या बसल्या त्याने बोटांवर हिशेब मांडायला सुरुवात केली. घेताना महाग पडते खरी, पण चालवायचा खर्च किती कमी, ऑइल बदलणं नाही, क्लचप्लेट नाही, चार-पाच वर्षांत फरक भरून निघतो.

"आन् बॅटरी गेली म्हंजे?" आबा म्हणाले. "तिची किंमत आयकलीय मी. चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला."

"आठ वर्षांची गॅरंटी आहे, आबा."

"विकताना कोण घेणार? घराबाहेर पडायच्या आधी रातभर भरत बसायचं, त्या वेळंची किंमत धरली का?"

"रात्री आपण झोपलेलोच असतो की."

आबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. वादात हरायची वेळ आली की ते शांत व्हायचे, आणि मग ठेवणीतलं काढायचे.

"बरं. भीतीची किंमत धरली का, पाहुणं?"

"कसली भीती?"

"रस्त्यात उभं राह्यची. माझ्या गाडीत तेल संपलं तर एक डबडं घिऊन कुणीबी आणून देतं. तुमची वीज कोण डबड्यात आणणार? गाडी चालिवताना माणसाचा सगळा जीव त्या आकड्यात. ही रोजची भीती तुमच्या हिशेबात कुठं हाय?"

मकरंद ताटातली भाकरी मोडत राहिला. आबा खूश होऊन माझ्याकडे बघायला लागले. भाकरी वाढायला आलेली आई मात्र तशीच टोपली धरून उभी राहिली होती. मग तिने मकरंदला विचारलं, "ह्या गाडीला गिअरची दांडी न्हाई म्हणत हुता नव्हं? मग न्यूट्रल करायला येत न्हाई व्हय?"

"येतं, आई. गोल खटका आहे, तो फिरवायचा. पण घाटात कधी करायचं नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली की ती स्वतःच मागे ओढते आणि बॅटरी उलट भरते. न्यूट्रल केली की ते बंद."

"भरती?" आईने विचारलं. "उतरताना?"

"अगं, आमटी आण," आबा म्हणाले, आणि तो विषय तिथेच राहिला.

आईने गाडीबद्दल काही विचारावं याचंच मला नवल वाटलं होतं. आईला गाडी लागते, हे आमच्या घरात आडनावासारखं ठरलेलं होतं. तिचं माहेर वाईला, म्हणजे पसरणीचा घाट उतरला की पायथ्याशी. पण ती आबांच्या ओम्नीत बसायची नाही. "मला गाडी लागती, तुम्ही व्हा म्होरं," म्हणायची आणि मुठीत लिंबू घेऊन एस्टीच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. पुढे पुढे तर तिचं माहेरी जाणंच कमी झालं. माझी आजी शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी तिसरीत होते. निरोप आला, आबांनी ओम्नी दारात आणली, आणि आई तेच म्हणाली. मी तिच्याबरोबर थांब्यावर उभी राहिले. एस्टी उशिरा आली. आम्ही पोचलो तेव्हा आजीला अंगणात आणून ठेवलं होतं. आबा तिथे आमच्या कितीतरी आधी पोचलेले होते.

आबा पेट्रोल विकायचे, पण स्वतः थेंब जाळताना त्यांचा जीव खालीवर व्हायचा. पाचगणी सुटली की ते गाडी न्यूट्रलला टाकायचे, कधी कधी तर किल्ली फिरवून इंजिनच बंद करायचे, आणि थेट वाईच्या वेशीपर्यंत तशीच घरंगळत न्यायचे. "पसरणीच्या घाटात चहाच्या कपाएवढं तेल वाचतं," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. पंपावरची पोरं हसायची, मालक स्वतःचाच धंदा बुडवतोय म्हणून.

आणि पिन काढल्याचं म्हणाल, तर त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. पहाटे टँकर आला होता. टँकर रिकामा करताना आवारात एकही जिवंत वायर नको, हा त्यांचा नियम. सगळ्यांत आधी त्यांनी आमच्या गाडीची वायर काढली आणि परत लावायची राहिली. तसंही रात्रभर वीज येऊन जाऊन होती. मकरंद सकाळी पायी फिरायला कड्याकडे गेला. तिथे कुणा पर्यटकांनी आग्या मोहोळाला दगड मारले. धावणाऱ्यांत तो सगळ्यांत मागे होता.

मकरंदला आम्ही मागच्या सीटवर घातलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. आई पुढे आबांच्या शेजारी बसली. तिला ओम्नीच्या पुढच्या सीटवर मी कधी पाहिलं नव्हतं आणि या नव्या गाडीत ती तिथे बसली, हे मला तेव्हा जाणवलंही नाही. गाडीच्या काचेपाशी आकडा उजळला. बावीस टक्के.

"साताऱ्याला पोचंल का एवढ्यात?" आबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याची जीभ तोंडात मावत नव्हती. त्याने उघड्या डोळ्याने आकड्याकडे पाहिलं, आणि हात हलवला. तो हात हो म्हणत होता की नाही, हे मला कळलं नाही.

"चला," मी म्हणाले. "एसी लावू नका, बास."

आबांना ती गाडी चालू झाल्याचंच कळेना. ते परत परत बटण दाबायला लागले. "आबा, चालूच आहे ती. खटका उजवीकडं फिरवा." गाडी पुढे सरकली तेव्हा त्यांचा डावा पाय क्लच शोधत होता. पाचगणीपर्यंत तो पाय तसाच शोधत राहिला.

त्या गाडीत आवाज नव्हता. म्हणूनच मकरंदचा प्रत्येक श्वास स्पष्ट ऐकू येत होता. ओम्नी असती तर इंजिनाच्या घरघरीत मला तो ऐकूच आला नसता, आणि ऐकू न येणं बरं की ऐकू येणं बरं, हे मला अजूनही सांगता येणार नाही. शिट्टी, थांबणं, शिट्टी. माझा स्वतःचा श्वास त्याच्या तालावर चालायला लागला. पाचगणीच्या बाजारात घोडे, भुट्टेवाले, सहलीच्या बसगाड्या. आबा हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. आकडा सतरावर आला तेव्हा माझं धाबं दणाणलं. अजून घाट उतरायचा होता, वाई यायची होती, आणि वाईच्या पुढे सातारा. त्या वाटेवर चार्जिंगची सोय कुठे असलीच, तर ती आम्हाला ठाऊक नव्हती.

"वैजू, बोलत ऱ्हा त्यांच्याशी," आई मागे न वळता म्हणाली.

मी काहीबाही बोलत राहिले. तुझ्या बॉसला फोन करते, तुझ्या आईला सांगत नाही अजून, असलंच काहीतरी.

पाचगणी संपली आणि घाटाचं पहिलं वळण दिसलं. आबांनी खटक्यावर हात ठेवला आणि तो फिरवला.

कानाला काहीच फरक कळला नाही. ओम्नीत इंजिनाचा आवाज पडायचा, तेव्हा पोरांनासुद्धा समजायचं. इथे आधीही शांतता आणि नंतरही शांतता. फक्त गाडी हलकी झाली. पुढच्या सीटवर आईचा हात झटकन दारावरच्या कडीकडे गेला. तिची बोटं पांढरी पडलेली मला मागून दिसली.

"बघा आता," आबा म्हणाले. "वाईपर्यंत एक ठिपका जळणार न्हाई. घाटातलं सगळं फुकट."

आकडा सोळावर होता आणि सोळावरच राहिला. खरं सांगते, मला बरं वाटलं. आबांना अक्कल सुचली असंच वाटलं. गाडीचा वेग वाढत गेला. डावीकडे कठडा, कठड्यावर माकडं, त्याच्या पलीकडे खाली नुसतं धुकट निळं, आणि तळाशी कुठेतरी धोम धरणाचं पाणी चमकत होतं. समोरून एक लक्झरी बस वळण घेत अंगावर आली. आबांनी ब्रेक दाबला. मकरंदचं डोकं माझ्या मांडीवरून घसरलं, मी ते धरलं. पुन्हा वेग, पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या का चौथ्या वळणाला ब्रेक करपल्याचा वास आला.

मकरंदने माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की मी ओरडलेच. तो मूठ वळवून हवेत फिरवत होता. फिरवायचा आणि पुढच्या सीटकडे दाखवायचा.

"पाणी? पाणी पाहिजे? काच खाली करू?"

त्याने जोरात मान हलवली. नाही. परत मूठ फिरवली. त्याच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि मला ते कळत नव्हतं. ज्या माणसाचं बोलणं कधी थांबत नाही म्हणून मी रोज कुरकुर करायचे, त्याचा एक शब्द ऐकायला मी तेव्हा काहीही दिलं असतं. शिट्टी आता बारीक झाली होती. आत जाणारी हवा कमी होत होती.

आईने मान वळवली. त्याची फिरणारी मूठ तिने एकदाच पाहिली.

"अहो, गिअरमधी घ्या."

"गप बस. बॅटरी वाचिवतोय."

"गिअरमधी घ्या म्हणते मी!"

"अगं, तुला काय कळतंय ह्यातलं? गाडी लागती तर डोळं मिटून बस..."

वळणावर ब्रेक दाबताना आबांचा पाय पहिल्यापेक्षा खोल गेला. ते मला मागून कळलं, कारण त्यांचे खांदे ताठ झाले. पुढे एक जीप हळूहळू उतरत होती आणि आमच्यातलं नि तिच्यातलं अंतर भराभर कमी होत होतं. मी मकरंदच्या डोक्यावर ओणवी झाले, एवढंच मला आठवतं.

आईने कडी सोडली, हात लांब केला आणि तो खटका फिरवला.

ओम्नीचं दार सोडून जन्मात गाडीच्या कशालाही हात न लावलेल्या बाईने तो खटका फिरवला. कासरा ओढल्यावर बैल थबकतो तशी गाडी मागे ओढली गेली. आबांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेलाच होता. जीप आमच्या नाकासमोर आली, आणि मग हळूहळू पुढे निघून गेली. ब्रेकवर जोर न देता गाडी आपली आपण सावकाश उतरायला लागली.

पुढच्या वळणावर आकडा बदलला.

"सतरा?" आबा म्हणाले. "आगं, हे वाढलं कसं?"

"उतरताना भरती ती," आई म्हणाली. "काल पाहुण्यांनी सांगितलंय. तुम्ही आमटीत बुडाला हुता."

घाट संपला तेव्हा आकडा एकोणीसवर होता. मकरंदने माझं मनगट सोडलं. त्यावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

वाई आली. उजवीकडे आईच्या माहेराकडे जाणारा बोळ होता. आईने काचेतून तिकडे पाहिलं, बोळ मागे पडला तरी मान वळवून पाहत राहिली. मग सपाट रस्ता सुरू झाला आणि आकडा परत उतरायला लागला. चौदा. अकरा. मकरंद आता मूठ फिरवत नव्हता, काहीच करत नव्हता. महामार्गाला लागल्यावर काचेपाशी कासवाचं चित्र उजळलं आणि गाडीने वेग घेणंच सोडून दिलं. आबा पाय दाबत होते, आणि ती आपली आपल्या चालीने चालली होती. मागून ट्रक हॉर्न मारत, शिव्या देत पुढे जात होते.

"ह्यालाच भीती म्हणलो हुतो मी," आबा पुटपुटले. "हीच ती."

मग शिट्टी थांबली.

मी वाकून कान त्याच्या तोंडाशी नेला. त्या मुक्या गाडीत सगळीकडे शांतता होती आणि त्या शांततेत माझ्या नवऱ्याचा श्वास मला सापडत नव्हता. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आईने मागे वळून त्याच्या छातीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हाय. हलतीया. चला तुम्ही, थांबू नगा."

हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा आकडा दोन होता. पोर्चपाशी स्ट्रेचर आलं, पांढरे कपडे आले, आणि त्याला माझ्या मांडीवरून उचलून नेलं.

त्यानंतरचा वेळ आम्ही तिघं लोखंडी बाकावर बसून काढला. कुणीतरी चहा आणून दिला, तो तसाच निवला. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला की घशात नळी घातली आहे, आता धोका टळलाय, थोडं उशिरा आणलं असतं तर काही सांगता आलं नसतं. मी रडले. आबाही रडले. पदराने तोंड पुसत आई तेवढी कोरड्या डोळ्यांनी बसून होती.

मग आबांनी तिला विचारलं, "तुला कसं कळलं गं, गाडी न्यूट्रलला हाय ते? आवाज न्हाई, काय न्हाई. मलाच कळत नव्हतं."

"पोटात कळतं मला."

"पोटात?"

"एवढी वर्सं झाली. न्यूट्रलला टाकली की माझ्या पोटात खड्डा पडतो. डोळं मिटलं तरी कळतं."

"ते गाडी लागती म्हणून," आबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावलेली नव्हती. खूप जुनी गोष्ट कुणाला तरी समजावून सांगायची असली की माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती.

"मला कधी गाडी लागली न्हाई," ती म्हणाली. "एस्टीत लागती का मला? त्योच घाट, तीच वळणं. एस्टीचा डायवर गिअरमधी उतरवतो."

एस्टीत लागत नाही आणि ओम्नीत लागते, हे कोडं आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणाला पडलंच नव्हतं.

"मला भ्या वाटायचं," आई म्हणाली. "इंजिन बंद करून तुम्ही हासत, गाणी म्हणत उतरवायचा. मला वाटायचं, आता गेलो. दर वळणाला वाटायचं."

"मग बोलली का न्हाईस?" आबांचा आवाज एकदम चढला. "एकदा तरी बोलायचं हुतं!"

"बोलले हुते. लग्नानंतर पैल्यांदा माहेरी नेलंत तवाच. गाडी गिअरमधी घ्या म्हणले. तुम्ही हासला. वाईला पोचेपतोर भ्यानं मला उलटी झाली. माझ्या माहेरच्या अंगणात, चारचौघांत तुम्ही म्हणाला, 'हिला गाडी लागती.' समदे हासले. मग म्या बी तेच म्हणाय लागले. तुमचं नाव खराब होण्यापरीस ते बरं हुतं."

समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. तिची चाकं लांबपर्यंत कुरकुरत राहिली.

"आन् तुझी आई गेली त्या दिवशी..." आबा म्हणाले.

"त्या दिवशीबी ओम्नी दारात हुती," आई म्हणाली. "बसावं असं लई वाटलं. पायच उचलंना."

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चहाच्या कपाएवढं तेल, त्यांचा तो आवडता हिशेब, मला आठवला, आणि त्यांनाही तोच आठवला असणार. आदल्या रात्री त्यांनी ज्याच्यावर वाद जिंकला होता, तो रोजच्या भीतीचा प्रश्न त्यांच्याच घरात तीस वर्षं भाकरी वाढत उभा होता.

मकरंद बरा झाला. नळी काढल्यावर त्याने घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारलं असेल, तर "किती टक्के उरले होते?" आबा म्हणाले, "दोन. पण तुमच्या सासूचं शंभर हुतं." मग लगेच नेहमीच्या वळणावर आले. "नाव मकरंद ठेवल्यावर माश्या येनारच की, पाहुणं." पुढे कितीतरी वेळा मकरंदने पेट्रोल आणि विजेच्या गाडीचा तो वाद उकरून काढला, पण आबा त्यात परत कधी उतरले नाहीत.

ओम्नी त्यांनी विकली नाही. पुढच्या सुट्टीत मी एकटीच माहेरी गेले होते. एका सकाळी ओम्नी दारात आणून आबांनी हॉर्न वाजवला आणि आईला हाक मारली, "चल गं, वाईला जाऊन येऊ."

आई बाहेर आली. तिच्या मुठीत लिंबू होतं. सवयच ती. ती दारापाशी बराच वेळ उभी राहिली, पंपावरची पोरं हातातलं काम सोडून बघायला लागली. मग ती पुढच्या सीटवर बसली आणि तिने वरची कडी धरली. मी मागे बसले.

पाचगणी सुटली, घाटाचं पहिलं वळण आलं. आबांनी दुसरा गिअर टाकला. इंजिन असं बोंबलायला लागलं की कानाला दडे बसले. गाडी गोगलगाईसारखी उतरत होती, मागे गाड्यांची रांग लागली, लोक हॉर्न मारत होते. आबा ढिम्म. तिसरं वळण गेलं, जिथे त्या दिवशी करपल्याचा वास आला होता तेही गेलं. पेट्रोलचा काटा जागचा हलल्यासारखा वाटला आणि मला राहवलं नाही. मी पुढे वाकले.

"आबा, अहो किती पेट्रोल जळतंय..."

आबांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "झोपलीया ती."

आईचा हात कडीवरून खाली आला होता. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, आणि लिंबू मुठीतून सुटून तिच्या पायाशी पडलेलं.